म्होरकीच्या मागोमाग

होडी डाव्या अंगाला कलली आणि म्होरकी खाडीत पडली, तेव्हा आम्ही सगळ्या उभ्या होतो. होडीत उभं राहायचं नसतं हे आम्हाला सकाळीच सांगितलं होतं. काठावरून पाणी आत आलं आणि आमच्या पावलांवरून गेलं. तिची लेक रंजना सातव्या महिन्याची गरोदर. ती फळी धरून खाली बसली होती आणि नुसतं आये, आये करत होती. म्होरकी एकदा बुडून वर आली. तिला पोहता येत नव्हतं. आमच्यातही कुणाला येत नव्हतं. आमच्यातल्या बारकीने तिच्याकडे हात लांब केला आणि बारकीच्या मागे आम्ही बाकीच्याही त्याच बाजूला सरकायला लागलो. आणखी एखादं पाऊल पडलं असतं तर होडी पालथी झाली असती. म्होरकीने तोंडातलं पाणी थुंकलं आणि ओरडली, "वाका! जाग्याव वाका!"

आम्ही वाकलो.

का वाकलो ते सांगायचं तर आधी म्होरकी कोण ते सांगायला हवं. आमचं गाव शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनपासून जीपने जायचं. सोयरे निम्मे मुरबाडकडचे. भाताशिवाय दुसरं पीक नाही. आवणीच्या दिवसांत ज्याच्या खाचरात पाणी भरलं असेल त्याच्याकडे बायांची टोळी जाते. आमच्या टोळीची पुढारीण ती होती, म्हणून मागे तिला सगळे म्होरकी म्हणायचे. तोंडावर वयनी म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्याच पावसात तिने मला टोळीत घेतलं. माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "बोटं लांब हायत, बोलनं कमी ठेव." एवढीच चौकशी केली.

आवणी करताना बाया एका ओळीत वाकतात आणि रोप लावत मागे मागे सरकतात. म्होरकी बांधाच्या कडेला असायची. सुरुवातीला ती "वाका" म्हणायची. उठा असं मात्र ती कधी म्हणाली नाही. ती कंबर सरळ करायची आणि मग सगळी ओळ सरळ व्हायची. तिच्याआधी कुणी उठायचं नाही. पाऊस अंगावर आला, वीज कडाडली, पायाला काही चावलं तरी आधी डोळा तिच्याकडे. ती वाकलेली असली की आपणही वाकायचं. ती एका खाचरातून दुसऱ्या खाचरात निघाली की आपण निघायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. तसं चाललं होतं, आणि कामही चांगलं होत होतं. आमच्या ओळी बघून मुरबाडकडून बोलावणं यायचं.

तिची दुसरी खोड म्हणजे सगळ्यांच्या वतीने ती बोलायची. जेवायच्या वेळी मालकिणीने विचारलं, चहा ठेवू का, की म्होरकी म्हणायची, "आमाला नको." तिला चहा आवडत नसे. तेवढ्यावर आम्हा कुणालाच चहा मिळायचा नाही. दवाखान्याची नर्सबाई गावात येऊन बायांना विचारायला लागली, काही त्रास आहे का, तर म्होरकीने सांगितलं, "आमाला काय नाय." त्या वेळी टोळीतल्या भागीला अंगावरून जात होतं आणि मला खोकला होता. नर्सबाई वहाणा घालून निघून गेली. भागी नंतर म्होरकीला बोलली, तर म्हणाली, "मग तवाच बोलायचं व्हतं, तोंड काय भाड्यानं दिलंय?" तिचं बरोबर होतं. पण ती बोलत असताना मध्ये कुणी तोंड घालत नसे.

दर वर्षी आम्ही मुरबाडजवळच्या म्हसा गावी, म्हशाच्या जत्रेला जायचो. तिथे घोंगडी चांगली मिळते. म्होरकी घोंगडी गालाला घासून बघायची आणि मगच घ्यायची. दुकानदार चिडायचे. गर्दीत हरवू नये म्हणून आम्ही एकीचा पदर दुसरीने धरून चालायचो आणि सर्वांत पुढे ती. एका वर्षी ती बैलबाजारातून निघाली ती थेट रसवंतीच्या मागे, उसाच्या चिपाडांच्या ढिगाकडे गेली. आम्ही पदर धरून मागोमाग गेलो. ढिगाआड गेल्यावर ती वळली आणि ओळीने उभ्या असलेल्या आम्हाला बघून म्हणाली, "मुतायला पन माज्या मागं येनार का गो तुमी?" आम्ही जत्राभर हसलो. तीही हसली. त्यात हसण्यापलीकडे काही आहे असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

म्होरकीचा नवरा लवकर गेला. एकच मुलगी, रंजना. बारावी झाली आणि भिवंडीकडे गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली. आवणीला सुट्टी काढून यायची आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहायची. आईपासून जेवढं लांब होता येईल तेवढं. दोघींचा स्वभाव एक होता, त्यामुळे पटत नव्हतं. कामावरच तिला वसईच्या खाडीतल्या एका बेटावरचा मुलगा भेटला. कोळ्यांचा. घरची होडी, बेटावरच्या माणसांची ने-आण करायची, मासेही धरायचे. रंजनाने घरी सांगितलं आणि लग्न केलं. विचारलं नाही, सांगितलं. म्होरकी लग्नाला गेली नाही. तिचं म्हणणं होतं, पाण्याव राहनारी मानसं, उद्या घर कुठं हाय त्येचा पत्ता लागायचा नाय.

मग तीन वर्षं तिने लेकीचं नाव काढलं नाही. आवणीत रंजनाची जागा ती कुणाला देईना. बारकी म्हणायची, लेकीसाठी मोकळी ठेवली आहे. तसं काही नव्हतं. त्या टोकाला दगड होते आणि तिथे रोप नीट लागत नव्हतं.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. रंजनाचं पहिलं पोट पाचव्या महिन्यात खाली झालं. तिचा फोन आमच्या घरी आला होता, कारण आईने फोन उचलला नसता. मी खाचरात जाऊन म्होरकीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि वाकली. त्यानंतर ती उठलीच नाही. पाऊस लागला, उघडला, भाकरीची वेळ निघून गेली. ती वाकून रोप लावत राहिली आणि आम्हीही राहिलो. खाचर संपलं तशी वाकूनच बांध ओलांडून पुढच्यात गेली. संध्याकाळी ती सरळ झाली तेव्हा आम्ही झालो. दुसऱ्या दिवशी भागीला अंथरुणातून उठता येईना. तिच्या नवऱ्याने मला येऊन विचारलं की काल नक्की काय चाललं होतं. मी म्हटलं, वयनी उठली नाही. त्याला ते कळलं नाही. आम्हाला त्यात कळण्यासारखं काही वाटत नव्हतं.

पुढे रंजनाला पुन्हा दिवस गेले. दिवाळी झाली, भात कापून झालं, झोडणी राहिली होती, तेव्हा तिचा परत फोन आला. सातवा लागला होता. डॉक्टरने जपायला सांगितलं होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, सातव्यात ओटी भरून मुलीला आणतात. रंजना मला म्हणाली, "काकी, आये सवता न्यायला आली तं येईन. मानूस धाडलं तं येनार नाय. हितंच काय ते व्हईल." पहिल्या खेपेचं भय तिच्या आवाजात होतं. पण ताठाही सोडला नव्हता.

मी निरोप सांगितला. म्होरकी अंगणात भाताचे भारे रचत होती. ती म्हणाली, "सगल्या चला." आम्ही कशाला, असं विचारलं तर म्हणाली, ती विधवा, ओटी भरायला सवाशिणी हव्यात. ते खरंच होतं. पण त्याला दोघी पुरल्या असत्या. मग जरा वेळाने म्हणाली, "एकली गेले तं भांडान. तुमी असल्याव तं तोंड बंद राहील माजं."

अशा आम्ही सहा जणी आणि ती निघालो. सुट्टीचा दिवस होता, आटगावला लोकलमध्ये सगळ्यांना जागा मिळाली. बसलो तेही आवणीच्या ओळीसारखंच, ती खिडकीला आणि मग आपापल्या क्रमाने. कल्याणला बदललं, दिव्याला बदललं. दिव्याहून वसईला जाणारी गाडी वेगळी असते. दिवसातून मोजक्या वेळा जाते आणि तिला घाई नसते. आम्ही आयुष्य या बाजूला काढलं, पण त्या गाडीत कुणी बसलं नव्हतं. खाडीच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा खाली रेतीच्या होड्या दिसल्या. मग भिवंडीची गोदामं. त्यातल्या एकाकडे बोट करून भागी म्हणाली, हेच असेल रंजनाचं. म्होरकीने ते मागे पडेपर्यंत बघितलं. पुढे कामणच्या बाजूला डोंगर जवळ आला, कापलेली शेतं लागली, आणि मला तर आमच्याच गावाला चाललोय असं वाटलं. चहावाला आला. म्होरकी म्हणाली, "आमाला नको." बारकीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

जूचंद्रच्या पुढे मिठागरं दिसायला लागली. चौकोनी चौकोनी, बांध घातलेली, पाणी भरलेली. आम्ही सगळ्या खिडकीशी गेलो. बारकीला वाटलं भाताची खाचरं आहेत. तिने विचारलं, "वयनी, हितं दिवालीनंतर आवनी करतात?" म्होरकी म्हणाली, "करतात ना. मीठ लावतात. तू जा वाकायला, बोटं झोंबली की सांग." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. मला बरं वाटलं, कारण सकाळपासून तिच्या मांडीवरच्या पिशवीतली घोंगडी ती सारखी बाहेर काढून घडी घालत होती. म्हशाला घेतलेली होती, नवी, बाळासाठी. घडी नीटच होती.

वसईला उतरून नायगावला आलो आणि तिथून धक्क्यावर. जावई होडी घेऊन थांबला होता. काळा, बारीक, बोलायला मऊ. त्याने म्होरकीच्या पाया पडायला हात पुढे केला तर तिने पाय मागे घेतले आणि होडीत चढली. चढली ती थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. तो म्हणाला, "आये, पुढं नका, मधी बसा." ती मला म्हणाली, "त्याला सांग, मी पुढंच बसतंय." तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी त्याला सांगितलं. मग तो आम्हाला सगळ्यांना सांगायला लागला, की होडी चालू असताना कुणी उठायचं नाही, एका बाजूला जमायचं नाही, काय झालं तरी आपापल्या फळीवर बसून राहायचं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्होरकी म्हणाली, "समजलं आमाला." तिला समजलं म्हटल्यावर आम्ही कुणी पुढचं ऐकलंच नाही. बारकी बगळे बघत होती. मी पैलतीर बघत होते.

बेट लहान आहे. त्याच्या डोक्यावरून रेल्वेचा पूल जातो, गाड्या धडधडत जातात, पण बेटावर जायचं तर होडीच. घरं नीटनेटकी, दारात जाळी वाळत टाकलेली. रंजना ओट्यावर उभी होती. पोट दिसत होतं. आई आणि लेक तीन वर्षांनी समोरासमोर आल्या, आणि आम्ही मागे उभ्या राहिलो की आता काय होतं. म्होरकीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रंजनाचे पाय सुजले होते. म्होरकी म्हणाली, "चपला घट व्हतात तुला. मोठ्या घे." रंजना म्हणाली, "घेतल्यायत. आज घालायच्या राहिल्या." झालं. एवढ्याने भांडण मिटलं असं मी म्हणत नाही, पण दोघी आत गेल्या.

आम्ही ओटी भरली. म्होरकी दाराआड उभी राहून बघत होती. रंजनाच्या सासूने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. तिने चहा विचारला तेव्हा म्होरकी आत पिशवी भरत होती, म्हणून आम्हाला मिळाला. घोंगडी रंजनाच्या सासूने हातात घेतली आणि गालाला लावून बघितली. ते म्होरकीने दारातून पाहिलं. मला नंतर म्हणाली, बाई बरी आहे.

रंजना यायला तयार झाली. सासू म्हणाली, न्या, पण हळू न्या. भरती ओसरायच्या आत पलीकडे जायचं म्हणून जावयाने घाई केली. तो मागे मशीनपाशी, त्याच्याजवळ डाव्या बाजूला रंजना, मध्ये आम्ही, आणि पुढे टोकाला म्होरकी. पूल डोक्यावर दिसत होता, पाणी उजळ होतं, वारा थोडा होता. मला प्रवास आवडला होता हे मी मान्य करते.

खाडीच्या मध्यावर आलो आणि रंजनाला मळमळलं. ती काठावरून वाकली. ओकारी आली, दुसरी आली, आणि तिने पोटाला हात लावला. म्होरकीने ते पुढून पाहिलं आणि उठली. फळ्यांवरून पाय टाकत, आमच्या मधून, डाव्या बाजूने लेकीकडे निघाली. ती उठली तशा आम्ही उठलो. ती डावीकडे गेली तशा आम्ही गेलो. जावई ओरडला, बसा, बसा. त्याच्या ओरडण्याने आम्ही बसणं शक्य नव्हतं, तो कोण होता आमचा. होडी कलली. म्होरकी लेकीच्या कपाळाला हात लावायला वाकली होती, ती तशीच रंजनाच्या खांद्यावरून पाण्यात गेली.

तिने वाका म्हटलं आणि आम्ही जिथे होतो तिथे वाकलो, त्यामुळे होडी डुलली आणि सरळ झाली. लुगड्यात हवा भरल्याने ती तरंगत होती. देवाने वगैरे काही केलं नाही. जावयाने मशीन बंद केलं आणि बांबू पुढे केला. तो तिच्या हाताला लागला. त्याने तिला काठापर्यंत ओढलं, पण वर घेता येईना. त्या बाजूला जोर दिला की होडी परत कलायला लागायची. तो घाबरला होता. म्हणाला, "आये, कोनीतरी उजव्या बाजूला जायला पायजे. सगल्या नाय. दोघी." आम्ही वाकलेल्या. कुणी हललं नाही. दोघी म्हणजे कोण ते कुणाला कळलं नाही.

म्होरकी काठाला लटकलेली होती. दात वाजत होते. ती म्हणाली, "भागी, तू उजवीकडं सरक. बसून सरक. बारके, तू तिच्यामागं. बाकीच्या जाग्याव." भागी सरकली, बारकी सरकली. जावई म्हणाला, अजून एक. म्होरकीने माझं नाव घेतलं. मी सरकले. तो काय हवं ते सांगत होता आणि ती कुणी करायचं ते सांगत होती. सकाळपासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. तरी वर घेणं जमेना, ओल्या लुगड्याचं वजन फार होतं. मग त्याने तिच्या काखेतून दोर घातला, होडीच्या कडेला बांधला, आणि वल्ह्याने हळूहळू बेटाकडे परत नेलं. "आये, सोडू नका," तो म्हणत राहिला. ती म्हणाली, "सोडतंय कशाला. वल्हव तू." तेव्हा ‘त्याला सांग’ असं काही तिने मला म्हटलं नाही.

काठाजवळ चिखल होता. तिथे तिचे पाय टेकले. जावई हात द्यायला उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. ती मात्र टाच आधी सोडवत, एकेक पाय काढत, वर चालत गेली. चिखलात चालायचं तिला कुणी शिकवायला नको होतं. वर जाऊन तिने मागे वळून पाहिलं, रंजना उतरली का ते. रंजना उतरली होती. पोट दुखत होतं. सासूने तिला आडवं केलं, पलीकडच्या डॉक्टरला फोन लावला, त्याने हलवू नका, गोळी द्या, दुखणं वाढलं तरच आणा असं सांगितलं. दुखणं थांबेपर्यंत सासू तिच्या उशाशी बसून राहिली. मग थांबलं.

म्होरकी विहिणीचं लुगडं नेसून चुलीपाशी बसली होती. आम्ही भोवती. तिने विचारलं, "तुमी कशाला उठल्याव?"

भागी म्हणाली, "तू उठलीस म्हनून."

"माजी लेक व्हती ती. तुमचं काय व्हतं तिकडं?"

बारकी रडायला लागली, तिला मी गप्प केलं.

"मी पान्यात गेले. मंग तुमी पन येत व्हत्याव," म्होरकी म्हणाली. "सगल्या." ती चुलीतलं लाकूड मागे पुढे करत राहिली. मग म्हणाली, "ती आत व्हती होडीत. पोटुशी."

त्यावर तिने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. मला त्याचंच नवल वाटलं. तिने चहा मागितला. सासूने सगळ्यांना केला आणि तिला दिला, आणि ती प्यायली. आवडला नाही, तोंडावरून कळत होतं.

रंजनाला आता हलवायचं नव्हतं. म्हणजे माहेरी नेणं संपलं. म्होरकी म्हणाली, ती तिथेच राहील. बाळंतपणाला लेक माहेरी येते, आई मुलीच्या सासरी जाऊन राहते असं आमच्याकडे होत नाही. भागीने तसं म्हटलंही. म्होरकी म्हणाली, "आता व्हईल." तिची झोडणी आम्ही करावी एवढं तिने सांगितलं. तेही विचारल्यासारखं सांगितलं, ते मला नवीन होतं.

जावयाने आम्हाला परत धक्क्यावर सोडलं. आम्ही होडीत बसताना म्होरकी काठावर उभी होती. "त्याचं ऐका," म्हणाली. "समजलं आमाला" असं मात्र ती म्हणाली नाही. त्याने परत सगळं सांगितलं आणि या वेळी आम्ही ऐकलं.

वसई स्टेशनावर दिव्याची गाडी लागली तेव्हा आम्ही सहा जणी दारापुढे उभ्या राहिलो आणि कुणीच चढेना. पुढे कोण, हा प्रश्न होता. मागच्या माणसाने विचारलं, चढायचं आहे की नाही. मग बारकी चढली. ती टोळीत सर्वांत शेवटची. आत जाऊन तिने चहा घेतला, आम्हालाही विचारलं, एकेकीला. मी हो म्हटलं.

मुलगी पौषात झाली, म्हशाची जत्रा भरली होती त्या दिवसांत, वसईच्या दवाखान्यात. त्या वर्षी आम्ही जत्रेला गेलो नाही. शिमग्याच्या आधी म्होरकी गावी परत आली. पुढच्या आवणीला ती खाचरात उतरली आणि बांधाची जागा सोडून पार दुसऱ्या टोकाला, दगडांच्या बाजूला, रंजनाच्या जागी जाऊन उभी राहिली. भागीने विचारलं, पुढं कोण. ती म्हणाली, "कोन नाय. पाठ दुखली की उठा." त्या वर्षी आमच्या ओळी वाकड्या आल्या. मुरबाडहून कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी जरा बऱ्या आल्या. चहा मात्र मिळायला लागला. नर्सबाई आली की जिचं दुखणं ती बोलायला लागली, आणि म्होरकी कोपऱ्यात बसून ऐकायची. कधी कधी तिला राहवत नसे, ओठ हलायचे. मग ती उठून बाहेर जायची.

गेल्या श्रावणात ती गेली. तापाने, घरात, आपल्या अंथरुणावर. जावई बेटावरून आला, त्याने खांदा दिला. रंजना तीन दिवस राहिली. आवणी तेव्हा संपत आली होती, उरलेली आम्ही पुरी केली. आता मी उठते तेव्हा शेजारची वाकलेली असते, आणि ती उठते तेव्हा मी. बघायला बरं दिसत नाही, असं माझा मुलगा म्हणतो. म्हणू दे.

त्या दिवशी होडीत आम्ही सहा जणी होतो, रंजना होती, तिचा नवरा होता आणि म्होरकी होती. सगळे जगलो. रंजनाच्या पोटातली मुलगी धरून.